रापणीचा १० सेकंदांचा शॉट: स्कॅन थरथरतो, बादली गळते. क्लिप स्टुडिओ की ओपनटून्झ?

पुळणवाला (वेंगुर्ले)

नमस्कार मंडळी. शॉट असा आहे: पुळणीवर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतायत. दोर फ्रेममध्ये तिरका, दोराला आठ माणसं, मागे लाटा, आणि अगदी पुढे होडीची नाळ (पुढचं टोक) अर्धी दिसते. लांबी १० सेकंद, २४ एफपीएस (सेकंदाला २४ फ्रेम), म्हणजे २४० फ्रेम. जपानी टीव्ही ॲनिमेच्या पद्धतीने करायचाय: माणसं दोनावर (एक चित्र दोन फ्रेम), लाटा तिनावर, सपाट रंग, सावलीची एकच पायरी, बॅकग्राउंड पोस्टर कलरचं.

की-ड्रॉइंग्ज (हालचालीतली मुख्य चित्रं) कागदावर झालीत. ए४, ॲक्मे पंच (कागद पेगच्या खुंट्यांवर बसवायची भोकं), एकूण ३४ कागद. पेगवर बसवून हाताने पलटून पाहिले तर चाल नीट वाटते, पण स्कॅन करून ओळीने लावले की सगळं चित्र थरथरतं. मे महिन्यातले कागद आणि जुलैमधले कागद शेजारी आले की जास्तच.

दुसरी अडचण रंगाची. बादलीने (फिल टूलने) रंग भरला की कुठून तरी गळतो, नाही गळला तर रेघेच्या कडेला पांढुरकी किनार राहते. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, साधा बिनस्क्रीनचा पेन टॅबलेट, आणि क्लिप स्टुडिओ पेंट प्रो. त्याचीच मोठी आवृत्ती ईएक्स घ्यावी, की ओपनटून्झवर जावं, की दोन्ही नको आणि कागदावरच सगळं पुरं करावं?


लाइटबॉक्स (रत्नागिरी)

आधी थरथर. ती तीन प्रकारची असते आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा, म्हणून ओळखायला शिका. स्कॅन केलेली पानं फक्त भोकांकडे बघत पलटा. भोकंच हलत असतील तर कागद स्कॅनरवर दर वेळी वेगळ्या जागी पडतोय. भोकं एका रेषेत राहत नाहीत, तिरकी होतात, तर काचेवरची पेगबार (पेगची पट्टी) पक्की चिकटलेली नाही. आणि भोकं जागच्या जागी, पण त्यांच्यापासून लांबची कड हलते, तर कागद फुगलाय. तुमचं मे-जुलै वाचून तिसरा प्रकार असणार असं वाटतं, सोबत थोडा पहिलाही असेल.

कागद ओलावा पितो आणि तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो, लांबीच्या दिशेने कमी. म्हणजे सगळा कागद सारख्या प्रमाणात मोठा होत नाही. तुमची फ्रेम २४० मिमी रुंद आहे असं धरा. तेवढ्यात अर्धा मिमी फरक पडला तर २०० डीपीआयला (इंचाला २०० ठिपके) तो जवळपास ४ पिक्सेल होतो. पडद्यावर ४ पिक्सेलची उडी आंधळ्यालाही दिसेल. लाइटबॉक्सवर दिसत नाही कारण बोटांनी पलटताना डोळा तेवढं माफ करतो.

यापुढच्या कागदांसाठी: चित्र काढण्याआधीच फ्रेमच्या बाहेर तीन बारीक फुल्या मारा, दोन पेगजवळच्या कोपऱ्यांत, एक समोरच्या कडेला. पूर्ण गठ्ठा एक दिवस एकाच खोलीत उघडा ठेवा आणि मग एका बैठकीत सगळा स्कॅन करा. आज दहा, रविवारी दहा असं नको. एरवी कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. ओले कागद इस्त्रीने सुकवायच्या फंदात पडू नका, सपाट होण्याऐवजी ते कडेने वळतात आणि मग स्कॅनरचं झाकण नीट बसत नाही.

पेगबार काचेच्या कडेला पातळ दुहेरी टेपने चिकटवा. धातूची जाड पेगबार असेल तर कागद काचेपासून उचलला जातो आणि त्या कडेची रेघ धूसर येते. कार्डाच्या पट्टीवर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पेग चालतात.

रिझोल्यूशन डोळे मिटून ३०० ठेवू नका. २४० मिमी म्हणजे ९.४५ इंच. त्यातून १९२० पिक्सेल हवेत तर २०३ डीपीआय लागतो, म्हणजे २०० पुरतो. ए४ पान २०० ला २३३९×१६५४ होतं, ३०० ला ३५०८×२४८०. सव्वादोन पट वजन, उपयोग शून्य. बॅकग्राउंडचं चित्र मात्र ३०० ला घ्या, त्यात ब्रशचा पोत असतो.

आता खरी गोष्ट. तुमचे ३४ कागद हे गेंगा आहेत, की-ड्रॉइंग्ज. पडद्यावर जाते ती गेंगा नव्हे, तिच्यावरून स्वच्छ रेघेत काढलेली दोगा, आणि त्यातच मधली चित्रं येतात. तुम्ही दोगा कॉम्प्युटरवर करणार असाल तर हे कागद फक्त खालून दिसायला हवेत. ते दोन-चार पिक्सेल हलले तरी बिघडत नाही, वरून ट्रेस करताना तुम्ही दुरुस्त करणारच. थरथर जीवघेणी ठरते ती कागदावरचीच रेघ थेट रंगवायला घेतली तर.


तीनकोमा (चिपळूण)

लाइटबॉक्स यांच्याशी सहमत. सॉफ्टवेअरचं सांगतो.

क्लिप स्टुडिओ प्रोमध्ये एका फाइलला २४ फ्रेमची मर्यादा आहे. २४ एफपीएसला तो बरोबर १ सेकंद. तुमचा शॉट २४० चा. त्यामुळे प्रोवर तुकडे जोडत बसण्यात अर्थ नाही, ईएक्स लागेल. ओपनटून्झ फुकट आहे, आणि लोक समजतात तितकं परकं नाही. मूळ टून्झ इटलीतलं, स्टुडिओ जिब्लीने ते आपल्या गरजेप्रमाणे बदलून वापरलं आणि ड्वांगोने २०१६ मध्ये खुलं केलं. त्याची एक्सशीट वरून खाली वाचायची, जपानी टाइमशीटसारखीच (कोणतं चित्र कुठल्या फ्रेमला ते लिहायचा तक्ता). कागदावरून येणाऱ्याला ती चटकन कळते.

माझं मत: रेघ क्लिप स्टुडिओत बरी येते, पेनचा हात तिथे मोकळा चालतो. रंग आणि मांडणी ओपनटून्झमध्ये बरी. पण पहिल्याच शॉटला दोन सॉफ्टवेअरचा संसार करू नका. ईएक्स घ्यायचे पैसे असतील तर सगळं त्यातच करा, नसतील तर सगळं ओपनटून्झमध्ये.

त्याआधी टाइमशीट. जपानात एका पानावर ६ सेकंद, म्हणजे १४४ फ्रेम असतात. तुमची दोन पानं होतील, दुसऱ्यावर ९६ फ्रेम भरतील. लांबी "१०+०" अशी लिहितात, सेकंद अधिक उरलेले फ्रेम. प्रत्येक सेलला (चित्राच्या वेगळ्या थराला) एक स्तंभ. कीचा आकडा गोलात, मधल्या चित्राच्या जागी नुसता ठिपका. हे कागदावर भरा, मग कॉम्प्युटर उघडा. आमच्याकडे म्हणतात तसं, आधी शीट भर, मगे रंग लाव.

सेल कसे पाडायचे ते इथे महत्त्वाचं. आठही माणसं एका सेलवर ठेवलीत तर एकाचं बोट हललं तरी आठांचं चित्र पुन्हा काढावं लागेल. मी असं पाडेन: ए मागची चार माणसं, बी दोर, सी पुढची चार माणसं, डी फेस, ई पाण्यावरची चमक, होडीची नाळ बुक म्हणून, म्हणजे बॅकग्राउंडसारखाच रंगवलेला पुढचा थर, सगळ्यांच्या वर. थर लावताना अक्षरांचा क्रम पाळायचा नाही, बॅकग्राउंडवर आधी ई, मग डी, मग ए-बी-सी. एकेक ओढ ४८ फ्रेमची धरा: २० फ्रेम ओढ, शेवटचं चित्र १० फ्रेम रोखलेलं, १८ फ्रेम हात पुढे घेणं. दोनावर ती १०+९, म्हणजे १९ चित्रं. ए गट १ ल्या फ्रेमला सुरू करा, सी गट ७ व्या फ्रेमला. सहा फ्रेमच्या या फरकाने जमाव जिवंत वाटतो, नाहीतर कवायत दिसते. २४० ला ४८ चा फेरा पाच वेळा बसतो, पण पाचही सारखे ठेवू नका. तिसऱ्या ओढीत एकाचा पाय वाळूत घसरतो एवढं वेगळं काढलं तरी पुरे.

क्लिप स्टुडिओत प्रत्येक सेलला एक ॲनिमेशन फोल्डर. फाइल करताना ॲनिमेशनचा प्रकार निवडा, फ्रेम १९२०×१०८०, भोवती मोकळी जागा, एफपीएस २४. चित्रांना १, २, ३ असे आकडे आणि टाइमलाइनवर कोणता आकडा कुठे ते नेमायचं. तेच चित्र परत हवं तर आकडा परत लावायचा, कॉपी करायची नाही. कॉपी केली की उद्या नाक दुरुस्त करताना एक चित्र सुटतंच.

मधल्या चित्रांसाठी ओनियन स्किनवर (शेजारची चित्रं फिकट दाखवणाऱ्या सोयीवर) विसंबू नका. ओनियन स्किन दोन चित्रं आहेत त्या जागी दाखवते. डोकं फ्रेमच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूला जात असेल तर दोन रेघांमधलं अंतर एवढं असतं की मध्य नजरेने काढता येत नाही, चेहरा सुजतो. कागदावर काय करायचे? पेगवरून दोन्ही कागद काढून चेहऱ्यावर चेहरा येईल असे सरकवायचे, मध्य काढायचा, परत पेगवर बसवायचे. क्लिप स्टुडिओतलं लाइट टेबल नेमकं तेच देतं: दोन्ही कीज त्यात नोंदवा, तिथे सरकवा, फिरवा, मूळ चित्राला धक्का लागत नाही.


कालवण (मालवण)

तांत्रिक बाजू मोठ्या लोकांनी सांगितलीच. माझी दोन घरगुती.

रेघ हळू ओढताना बारीक नागमोडी होत असेल तर हाताला दोष देऊ नका. चार्जर काढा, बॅटरीवर तीच रेघ ओढा. सरळ आली तर अर्थिंगचा घोळ आहे. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेला वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलवा, नाहीतर रेघेचं काम बॅटरीवर करा आणि जेवताना चार्जिंग लावा. सॉफ्टवेअरमधलं स्टॅबिलायझेशन वाढवून हे झाकू नका, रेघ मऊ होते आणि कोपरे गोल पडतात.

पावसात लाइट जाणारच. लॅपटॉप चालू राहील, पण फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर असेल आणि तिचा अ‍ॅडॅप्टर वेगळा असेल तर सेव्ह होतानाच डिस्क बंद पडते आणि फाइल जाते. काम आतल्या डिस्कवर, रोज संध्याकाळी नवीन आकडा लावून कॉपी बाहेर. शॉट०१_ए_०७, ०८ असं. "फायनल", "फायनल_खरा" नको हां.


रंगारी (सावंतवाडी)

पांढुरक्या किनारीचं कारण एकच: तुमच्या पेनची कड मऊ आहे. अँटी-एलियासिंग चालू असलं की रेघेच्या काळ्यातून पांढऱ्याकडे जाताना मधे दोन-तीन राखाडी पिक्सेल येतात. बादली त्यांना ना रेघ मानते ना मोकळी जागा. म्हणून जपानी रंगकामात दोगाची रेघ दुरंगी ठेवतात, पिक्सेल एक तर काळा नाहीतर नाही. जवळून पाहिली तर पायऱ्यापायऱ्यांची दिसते, आणि नवखा माणूस घाबरतो. घाबरायचं नाही. रंग भरून झाल्यावर, कंपोझिटच्या वेळी (सगळे थर एकत्र जोडताना) ती गुळगुळीत करतात. आफ्टर इफेक्ट्ससाठी ओएलएम स्टुडिओचं स्मूदर हे फुकट प्लगिन त्याच कामाचं आहे.

क्लिप स्टुडिओत पेनच्या सेटिंगमध्ये अँटी-एलियासिंग "नाही" करा आणि बादलीच्या सेटिंगमध्येही करा. दुसरं लोक विसरतात. मग रेघ टोकदार, रंगाची कड मऊ, आणि शेजारच्या रंगात चिखल.

गळतीचं: "क्लोज गॅप" थोडं वाढवून काम भागतं, पण फार वाढवलं तर बोटांच्या मधली, कानाच्या पाळीतली चिंचोळी जागा बादली भरतच नाही. त्यापेक्षा रेघेची टोकं मिळवायची सवय लावा. केस आणि धोतराच्या चुण्या या दोन जागा आधी तपासा, तिथे रेघ हवेत सोडायचा मोह होतो. ओपनटून्झमध्ये टेप टूल आहे, फट दिसली की त्याने शिवायची.

सावलीची सीमा काळ्या रेघेने काढू नका. ती रंगीत काढतात, सहसा सावलीला निळी आणि चमकेला लाल, स्टुडिओगणिक थोडं बदलतं. रंग भरताना निळ्या रेघेच्या एका बाजूला त्वचेचा रंग, दुसऱ्या बाजूला सावलीचा, आणि शेवटी ती निळी रेघही सावलीच्या रंगाने भरून टाकायची. रेघ नाहीशी, सीमा तेवढी उरते. निळा नेहमी तोच हवा, त्याच आकड्यांचा. आज एक निळा, उद्या जरा गडद, असं झालं की एका क्लिकमध्ये बदलता येत नाही.

ओपनटून्झची टीएलव्ही फाइल इथे पुढे आहे. तिच्यात पिक्सेलवर रंग नसतो, पॅलेटमधल्या खान्याचा आकडा असतो. लुंगीचा रंग आवडला नाही, पॅलेटमध्ये एकदा बदला, शंभर चित्रांत बदलतो. सकाळचा शॉट संध्याकाळचा करायचा तर दुसरी पॅलेट जोडा. रंगकामाचं प्रमाण मोठं असेल तर मी याच कारणासाठी तिकडे जाईन.

आणखी एक खोडा. पांढरं बॅकग्राउंड ठेवून, नंतर पांढरा पारदर्शक धरायचा असेल तर डोळ्यांचा पांढरा आणि बनियनचा पांढरा शुद्ध २५५ ठेवू नका, २५४ ठेवा. नाहीतर रापणकाराच्या बनियनमधून समुद्र दिसेल.


पुळणवाला

वाचून बरंच सुटलं. क्लिप स्टुडिओ ईएक्स घेतोय. कागद फक्त खाली ठेवून दोगा त्यातच करतो.

दोन गोष्टी राहिल्या. लाटांची १२ चित्रं तिनावर फेऱ्यात लावली, पण घड्याळाच्या लोलकासारखी वाटतात. आणि कॅमेरा डावीकडे सावकाश सरकवायचा म्हणून बॅकग्राउंडला की-फ्रेम दिल्या, तर माणसांचे पाय वाळूवरून घसरतायत.


तीनकोमा

१२ चित्रं तिनावर म्हणजे ३६ फ्रेम, दीड सेकंद. किनाऱ्याची लाट दीड सेकंदात येऊन परत जात नाही, आणि १० सेकंदांत ती सहा-सात वेळा दिसते, म्हणून डोळा पकडतो. मोठी लाट फेऱ्यात घालूच नका, ती एकदाच येऊ दे, पुळणीवर चढू दे, आणि ओसरताना चित्रं चारावर जाऊ देत. फेरा फक्त बारीक गोष्टींना. फेसाला १६ चित्रं तिनावर, ४८ फ्रेम. चमकेला १० चित्रं तिनावर, ३० फ्रेम. ४८ आणि ३० चा लसावि २४०, म्हणजे दोन्हींची तीच जोडी तुमच्या पूर्ण शॉटमध्ये परत येत नाही. शाळेतला लसावि इथे कामी आला.

ओसरणाऱ्या पाण्याची कड पुळणीवर पातळ होत भोकं पडत जाते, जाळीसारखी. ती भोकं दर चित्रात नवीन ठिकाणी काढू नका. तीच भोकं मोठी होत एकमेकांत मिसळू द्या. नाहीतर पाणी उकळल्यासारखं दिसतं.

पायांचं उत्तर लाइटबॉक्स नीट देतील.


लाइटबॉक्स (रत्नागिरी)

तुम्ही जमीन सरकवली आणि माणसं जागेवर ठेवली. ती पद्धत चालणाऱ्या माणसाच्या मागे कॅमेरा जातो तेव्हाची, आणि तिथेही पाय जमिनीइतकेच सरकावे लागतात. तुमची माणसं पुळणीवर उभी आहेत, म्हणून बॅकग्राउंड आणि ए ते ई सगळे सेल एकाच टू-डी कॅमेरा फोल्डरमध्ये टाका आणि कॅमेरा हलवा. सगळे एकत्र सरकले की पाय घसरत नाहीत. फक्त नाळ, जी कॅमेऱ्याच्या जवळ आहे, ती बाहेर ठेवून थोडी जास्त वेगाने सरकवा, खोली येते.

मापं आधी ठरवा. १० सेकंदांत ४८० पिक्सेल सरकायचं तर फ्रेममागे बरोबर २ पिक्सेल पडतात. त्यासाठी बॅकग्राउंड आणि सेल दोन्ही किमान २४०० पिक्सेल रुंद हवेत, काठाला वर थोडं. १.७ पिक्सेल असला वेग घेऊ नका, पातळ रेघ लुकलुकते. सुरुवातीला आणि शेवटी कॅमेरा हळू करायचा असेल तर तेवढ्या पट्ट्यात वेग अपूर्णांकात जाणारच, म्हणून रेघ आधी गुळगुळीत करून घ्या, कॅमेरा नंतर लावा. म्हणजे क्लिप स्टुडिओतून सेलची चित्रं एक्सपोर्ट करायची, स्मूदिंग आणि कॅमेरा कंपोझिटमध्ये. क्लिप स्टुडिओतला कॅमेरा चाल तपासण्यापुरता.

२४०० रुंदीला ८ जीबी रॅम जड जाईल. २४००×१२०० चा एक रंगीत थर न दाबता जवळपास साडेअकरा एमबी धरतो. शंभर चित्रं, प्रत्येकाला रेघ आणि रंग असे दोन थर, म्हणजे २.३ जीबी, वर सॉफ्टवेअरचं आपलं. ए, दोर, सी अशा वेगळ्या फाइल करा आणि बाकीचे सेल प्रत्येक फाइलमध्ये हलक्या संदर्भचित्रांनी ठेवा.

दोराबद्दल एक. हात दोरावर आहे, म्हणजे बोटं दोराच्या पुढे आणि तळवा मागे. मागच्या चार माणसांचा ए सेल दोराच्या खाली जातो, त्यामुळे त्यांची बोटं झाकली जातील. त्या चौघांची बोटं तेवढी वेगळ्या सेलवर दोराच्या वर घ्या. पुढच्या चौघांचं उलट: सी सेल दोराच्या वर आहे, म्हणून त्यांच्या मुठीत दोर जिथे शिरतो तिथे चित्र कापलेलं हवं, आणि ती कापलेली कड दोराच्या रेघेवर पिक्सेलला पिक्सेल बसली पाहिजे. जपानी लोक या जोडाला कुमी म्हणतात. दोराच्या सेलचं चित्र लाइट टेबलवर लावूनच मुठी काढा. दोर दोनावर आणि माणसं तिनावर असं मिसळलंत तर जोड दर सहा फ्रेमला एकदाच जुळेल, मधल्या फ्रेममध्ये मूठ दोराशेजारी हवेत दिसेल. दोघांचे आकडे शीटवर एकाच ओळीत बदलू द्या.